महामारीत घरात राहून मन सांभाळायचं, तर आधी दिवस सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२० मध्ये तुम्ही एकटे राहत होता, घरून काम करत होता. आजारी पडला नाहीत, नोकरीही टिकली, तरी पार कोलमडलात. रात्र रात्र जागरण, क्षुल्लक गोष्टीवर रडू. पुन्हा कधी महामारी आली आणि महिनोन्महिने घरात राहायची वेळ आली तर काय करायचं, आणि तेव्हा तुमच्यातच काही कमी होतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमच्यात काही कमी नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार महामारीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्याचं जगभरातलं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. जास्त फटका बसला तो तरुणांना आणि बायकांना. आणि हे काही करोनापुरतंच नव्हतं. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली, तेव्हा टोरोंटोत विलगीकरणात ठेवलेल्या १२९ जणांची नंतर पाहणी झाली. त्यातल्या साधारण ३१ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली आणि जवळपास तितक्याच लोकांमध्ये मानसिक आघाताची. विलगीकरण जितकं लांबलं, तितकी आघाताची लक्षणं जास्त.

त्या काळात मी एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून फोन घ्यायचे. मी डॉक्टर नाही. आम्हाला मुख्यतः ऐकायला शिकवलं होतं. खाली लिहितेय त्यातलं बरंचसं नंतर वाचून कळलं. तुमच्यासारखे फोन खूप यायचे आणि त्यांची सुरुवात ठरलेली असायची: ‘माझं तसं काही नाही हो, लोकांचं काय काय झालंय...’ हे वाक्य कानावर पडलं की मी खुर्चीत नीट बसायचे, कारण असं बोलणारा माणूस आठवडेच्या आठवडे स्वतःला गप्प बसवून मग फोन करायचा. दुसऱ्याचं दुःख मोठं असलं म्हणून आपलं कमी होत नाही, फक्त ते बोलून दाखवायची लाज वाटायला लागते.

आता मुख्य मुद्दा. ‘मन सकारात्मक ठेवा’ या सल्ल्याचा घरात कोंडलेल्या माणसाला काडीचाही उपयोग होत नाही. मनाला हुकूम देऊन ते ऐकत असतं तर हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता. माझा अनुभव असा, की ‘कसं वाटतंय?’ पेक्षा ‘काल किती वाजता उठलात?’ या प्रश्नातून जास्त कळतं. दिवसाची चौकट मोडली की त्यामागोमाग मन ढासळतं. आणि चौकट दुरुस्त करणं निदान आपल्या हातात असतं.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. मेंदूत एक घड्याळ असतं आणि बहुतेकांचं ते चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं, सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास. एरवी रोज सकाळचा उजेड डोळ्यांत जातो आणि हे घड्याळ मागे ओढून जागेवर आणतो. घरातल्या दिव्यांचा प्रकाश फार तर काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक). बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजार लक्स असतो. पडदे ओढलेल्या खोलीत पडून राहिलं, की झोप रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि बघता बघता पहाटे चार वाजता टक्क जाग असते. अशा वेळी मनात जे विचार येतात ते दुपारी चार वाजता येत नाहीत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ते पहाटेच्या विचारांना अगदी चपखल लागू पडतं.

याचा एक चांगला दाखला आहे. मंगळावर माणूस पाठवायचा तर इतके दिवस बंदिस्त राहणं झेपेल का, हे पाहायला मॉस्कोत सहा जणांना ५२० दिवस एका बंद यानासारख्या वास्तूत ठेवलं होतं, जून २०१० ते नोव्हेंबर २०११. हे सहा जण निवडून घेतलेले, धडधाकट, कामाचं वेळापत्रक असलेले. तरीही दिवस सरले तशी त्यांची हालचाल कमी कमी होत गेली, आणि बहुतेकांना झोपेचा काही ना काही त्रास झाला. एकाचा दिवस तर चक्क पंचवीस तासांचा होऊन बसला, म्हणजे बाकीचे झोपलेले असताना हा जागा. अंतराळवीरांच्या तोडीच्या लोकांची ही गत, तर तुम्ही-आम्ही कोण!

म्हणून पुढच्या वेळी सगळं सोडा, पण उठायची वेळ धरून ठेवा. झोपायची नाही, उठायची. रात्री कितीही जागरण झालेलं असो. उठल्यावर तासाभरात खिडकीशी, गॅलरीत, गच्चीवर, जिथे जाता येईल तिथे उजेडात अर्धा तास काढा. आजारी असून एका खोलीत बंद असलात तरी खुर्ची खिडकीशी ओढता येते. दुसरी गोष्ट, पलंग फक्त झोपण्यासाठी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये निद्रानाशावर मांडलेला हा उपाय अजूनही डॉक्टर सांगतात: पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत जा. अंथरुणात लॅपटॉप घेऊन दिवसभर काम केलं, की मेंदूच्या लेखी अंथरूण म्हणजे ऑफिस.

एकाच खोलीत राहणारा विचारेल, उठून जाऊ कुठे? हाच प्रश्न एका मुलाने मला फोनवर विचारला होता आणि नंतर त्याचं उत्तरही त्यानेच शोधलं. त्याच्याकडे एकच टेबल, एकच खुर्ची. काम करताना तो खुर्चीचं तोंड भिंतीकडे करायचा. काम संपलं की लॅपटॉप बंद करून पिशवीत घालायचा, पिशवी दाराच्या खुंटीला अडकवायचा आणि खुर्ची खिडकीकडे फिरवायचा. जेवण खिडकीकडे तोंड करून. तो म्हणाला, ‘मॅडम, हसू नका, पण मला आता घरी आल्यासारखं वाटतं.’ मला हसू येण्याचा प्रश्नच नव्हता.

बातम्यांबद्दल मी थोडी कडक आहे. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर संशोधकांना असं आढळलं, की पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. आधीच घाबरलेला माणूस जास्त बातम्या पाहतो, हेही त्यात असणार. पण ते चक्र तोडायचं तर टीव्हीच्या बाजूनेच तोडावं लागतं. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो वाचून, आणि रात्रीच्या जेवणानंतर अजिबात नाही. बातमी उघडण्याआधी स्वतःला विचारायचं: हा आकडा कळल्यावर उद्या मी काही वेगळं करणार आहे का? नियम बदलले, लक्षणं बदलली, लस आली, तर हो. आजचे मृत्यू काल झालेल्या मृत्यूंपेक्षा इतक्याने जास्त, याने आपण फक्त अजून एक तास जागे राहतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे काढे आणि अफवा म्यूट करायला कुणाची परवानगी लागत नाही.

काळजी मात्र म्यूट करता येत नाही. तिला वेळ नेमून द्यावी. ही पद्धत १९८० च्या दशकात तपासून पाहिलेली आहे आणि वरकरणी बालिश वाटते: रोज एका ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्धा तास फक्त काळजी करायची. इतर वेळी काळजी डोकावली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे आणि ‘साडेपाचला बघू’ म्हणून पुढे जायचं. साडेपाचला चिठ्ठी उघडली की निम्म्या गोष्टी शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्या निम्म्यांचं काय करायचं ते तेव्हा कागदावर मांडता येतं. पहाटे चारला ते जमत नाही.

माणसांचं काय? सुरुवातीला सगळ्यांनी हौसेने व्हिडिओ कॉल केले आणि महिनाभरात ते सगळ्यांनाच नकोसे झाले. कारण साधं होतं, सांगण्यासारखं कुणाकडेच काही घडत नव्हतं. ‘बाकी काय?’ ‘काही नाही, तुझं?’ ‘तेच.’ मग दोघंही स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसणार. यावरचा उपाय मला एका आजींनी शिकवला. त्या आणि त्यांची मैत्रीण रोज फोनवर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायच्या. एकीने सूचना वाचायची, दुसरीने घरं मोजायची. उत्तरावरून भांडायच्यासुद्धा. गप्पा मारण्याचं ओझं नाही, हातात काहीतरी काम, आणि दुसऱ्या दिवशी फोन करायला आपसूक कारण. तुम्ही एकटे राहता, म्हणून सांगते: असा एक तरी माणूस शोधा, जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलायला विषय लागत नाही. फोन स्पीकरवर ठेवून दोघांनी आपापली भांडी घासली तरी चालतं.

भरल्या घरातल्यांचं दुखणं उलटं असतं. एक बाई नळ सोडून बाथरूममधून माझ्याशी बोलायच्या, कारण रडायला तेवढीच जागा. अशा घरात भांड्याला भांडं लागणारच. तिथे प्रत्येकाला रोज एक तास बंद दार मिळालं पाहिजे, आणि तो ज्याचा आहे त्याने त्या तासात काय केलं हे विचारायचं नाही. ज्या घरात मारहाण होते तिथे मात्र हे सगळं कुचकामी आहे. तिथे प्रश्न मानसिक आरोग्याचा नंतर, सुरक्षिततेचा आधी. विश्वासातल्या एका व्यक्तीशी आधीच एक साधा खुणेचा शब्द ठरवून ठेवणं, हे तेव्हा उपयोगी पडलं होतं.

व्यायाम करा, दारूवर लक्ष ठेवा (ती झोप आणते आणि मध्यरात्री मोडते), यावर लांबण लावत नाही. पण ‘वेळ मिळालाय तर नवी भाषा शिका’ म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो. प्लेगच्या साथीत विद्यापीठ बंद पडलं तेव्हा न्यूटनने घरी बसून केवढं काम केलं, हा मेसेज मला किती जणांनी पाठवला असेल! न्यूटनला दिवसातून चार ऑनलाइन मीटिंगा नव्हत्या, आणि रोजचा मृतांचा आकडा खिशात वाजत नव्हता. साथीत जगून बाहेर पडलात, एवढं त्या काळाचं काम पुरेसं आहे.

एक गोष्ट तुमच्या वाट्याला आली नाही असं दिसतं, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या आली असेल. जवळचं माणूस गेलं आणि शेवटचं बघताही आलं नाही. असे फोन सगळ्यात अवघड. त्यात दुःखाइतकाच अपराधीपणा असायचा, ‘मी तिथे असायला हवं होतं.’ ही माणसं कारणमीमांसा ऐकायला फोन करत नसत. ती त्या माणसाबद्दल बोलायला करत. म्हणून मी विचारायचे, ते कसे होते? मग कुणी सांगायचं की बाबा रेडिओ लावून दाढी करायचे, एक बाजू करून झाली की गाणं संपेपर्यंत थांबायचे. अर्धा तास निघून जायचा. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर ‘धीर धरा’ म्हणण्यापेक्षा हे विचारा. आणि एकत्र जमून निरोप द्यायचा राहून गेला असेल तर तो वर्षाने, दोन वर्षांनी दिला तरी चालतो, त्याला मुदत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? बहुतेक दिवस, दिवसभर उदास वाटतंय किंवा आवडीच्या कशातच रस उरलेला नाही, असं दोन आठवडे चाललं, सोबत झोप-भूक बिघडली आणि रोजची कामं अडायला लागली, तर थांबू नका. जगूच नये असं मनात आलं तर दोन आठवडे मोजायचे नाहीत. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, हेल्पलाइनला किंवा डॉक्टरांना फोन लावायचा. तुम्ही तेव्हा जे सोसलंत ते माझ्या मते डॉक्टरांना दाखवण्याइतकं होतं. आधीपासून गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि साथीची चाहूल लागली की डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी नवी करून घ्यायची.

तुम्ही वेळ आलेली नसताना विचारताय, हे मला फार आवडलं, कारण पडलेल्या माणसाला हे काही सुचत नाही. तेव्हा आजच एक काम करा. तुमच्या बाबतीत आधी काय बिघडलं होतं ते आठवा: झोप, की रडू, की फोन न उचलणं? जे आधी आलं असेल ते एका जवळच्या माणसाला सांगून ठेवा, आणि ‘असं दिसलं तर मला न विचारता डॉक्टरांची वेळ घे’ अशी परवानगीही देऊन टाका.