फ्रिजमधला सुक्या मासळीचा वास: आधी मागचा ट्रे बघा

देवगडला जुना एका दाराचा फ्रिज घेतलात, आधीच्यांनी त्यात सुकट-बोंबील ठेवले होते आणि खायच्या सोड्याने कितीही पुसलं तरी वास जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. सोडा इथे कमीच पडणार. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या रसायनाचा, आणि ते अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट. सोडाही त्याच बाजूचा. त्यावर आंबटच हवं. मासे कापल्यावर हाताला लिंबू चोळतो ना, तेच कारण: आम्ल लागलं की त्या रसायनाचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही आणि पाण्याने धुऊन निघतो. मात्र आगळ किंवा चिंच वापरू नका, पांढऱ्या प्लास्टिकवर डाग पडतील. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घ्या.

पण त्याआधी घाण साचलीय कुठे ते शोधा. प्लग काढा, फ्रिज भिंतीपासून पुढे ओढा. मागे कॉम्प्रेसरच्या वर पाण्याचा ट्रे असतो. वितळलेल्या बर्फाचं पाणी, त्यात मिसळलेलं मासळीचं पाणी, सगळं तिथे येतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेत कुजत राहतं. आतून चकाचक केलेल्या फ्रिजलाही वास येतो तो बहुतेक वेळा इथूनच. ट्रे निघत असेल तर काढून साबणाने घासा, मग व्हिनेगरचं पाणी भरून तासभर ठेवा. आतून ट्रेकडे पाणी जायचं जे भोक असतं, त्यात सिरिंजने कोमट पाणी सोडा, खाली स्वच्छ पाणी पडेपर्यंत. तार खुपसू नका.

मग दाराचं रबर. त्याची घडी बोटाने उलगडा, काळी बुरशी आणि सुक्या जवळ्याचा चुरा तिथे हमखास सापडतो. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, नंतर व्हिनेगर, शेवटी साध्या पाण्याचं फडकं. बुरशी बघून ब्लीच वापरावंसं वाटेल, पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीच एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. फ्रीझरमधला बर्फही सुरीने खरवडायचा नाही. आतली गॅसची नळी फुटली तर फ्रिज गेलाच, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला थंडाव्यासाठीचा आयसोब्युटेन वायू पेट घेणारा असतो.

आता वाळवणं, आणि आपल्याकडे घाई नडते ती इथेच. पावसाळ्यात नुसतं दार उघडं ठेवून फ्रिज सुकत नाही, समोर टेबल फॅन लावा. घरात लहान मुलं असतील तर दार मिटणार नाही असं बांधून ठेवा. पूर्ण सुकल्यावर वाटीत करवंटीचा कोळसा कुटून आत ठेवा, उरलासुरला वास ओढून घेतो. कापूर-अगरबत्ती नको, नंतर दुधालाही तोच वास लागतो.

एवढं करूनही कोरड्या, बंद फ्रिजला पहिल्यासारखाच वास येत असेल, तर आतल्या प्लास्टिकला तडा आहे का बघा. तड्यातून पाणी मागच्या फोममध्ये मुरलं असेल तर तो वास पुसून जाणार नाही. त्यावर आणखी पैसे घालू नका, विकणाऱ्याशी बोलून परत करा.