जेट्टी सोडू की धरू?

प्रश्न : गेली काही वर्षं मी दर रविवारी नेरूळच्या जेट्टीवर गळ टाकून बसतो. तांब, शिंगाळा मिळतो, नशीब असेल तर लहानसा जिताडा. ऑफिसातले मित्र मात्र दर आठवड्याला नवी जागा धरतात, कधी दिवाळे, कधी उलव्याकडे, आणि ग्रुपवर फोटो टाकतात. सुट्टी एकच. निम्मे रविवार जेट्टीला, निम्मे नव्या जागांना, असं ठरवू का?
– एक वाचक, सीवूड्स

उत्तर : रविवार वाटू नका, पाणी वाटा. आमच्या करावे गावातली जुनी माणसं भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणून सकाळी सहाला पाणी तळाला. खाडीत आत ते थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरून चाला.

नवी जागा बघायची ती या उधाणाच्या ओहोटीला, आणि रॉड घरी ठेवून. हो, घरीच. रॉड हातात असला की गळ टाकायची घाई होते, तळ बघायचा राहून जातो. उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. भरतीला नुसता सपाट पसारा दिसतो, त्याच्या खालचं सगळं तेव्हा उघडं पडतं. खारफुटीतला ओहोळ मोठ्या पात्राला कुठे मिळतो, कालवं चिकटलेले दगड कुठे आहेत, बोकशीच्या, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याच्या, खुंट्या कुठे, हे बांधावरूनच बघा. चिखलात उतरू नका, मांडीपर्यंत रुतल्यावर भरती थांबत नाही. फोटो काढताना मागे पूल किंवा एखादी इमारत येऊ द्या, पाणी चढलं की त्याच खुणेवरून जागा सापडते. पाणी उतरायला लागलं की ओहोळातून कोळंबी आणि बारकी मासळी बाहेर पडते, जिताडा तिच्यासाठी तोंडावर टपलेला असतो. तांब दगड आणि खांब सोडून फार लांब जात नाही.

मग रॉड घेऊन जाल तेव्हा ओळखीची वेळ न्या. जेट्टीवर भरती लागल्यावरचे पहिले दोन तास चालत असतील, तर नव्या जागीही तेच दोन तास धरा. नाहीतर जागा वाईट की वेळ वाईट, कळणारच नाही. एका रिकाम्या रविवारवरून जागेवर काट मारू नका. एकदा उधाणात आणि एकदा भांगात, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, बसून मगच ठरवा.

भांगाच्या दिवसांत मी असतो तर जेट्टीच धरली असती. पाण्याला ओढ कमी असते, आणि जी असते ती कुठल्या खांबाजवळून जाते हे तुम्हाला तिथेच ठाऊक आहे. पण त्याच पायरीवर, त्याच कोपऱ्यात बसणं सोडा. पावसात गोडं पाणी उतरलं की मासळी जागा बदलते, थंडीत पुन्हा बदलते, तुम्ही मात्र बारा महिने एकाच ठिकाणी. जेट्टीची दुसरी बाजू हीसुद्धा नवी जागाच, आणि तिला पेट्रोल लागत नाही.

मित्रांच्या फोटोंवर फार जाऊ नका. फोटोत तिथी दिसत नाही आणि रिकाम्या पिशवीचा फोटो कोणी टाकत नाही.

एक जागा मात्र यादीतून आधीच काढा. ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात मुंबईच्या बाजूला 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिकडे गळ घेऊन जायचं नाही.

प्रश्न : नवीन ठिकाणी गेलो की गावातले लोक हटकतात. काय करावं?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : हटकणारच. तुमची लाइन त्यांच्या जाळ्यात अडकली की जाळं फाटतं, आणि त्यावर त्यांचं घर चालतं. बॅग उघडायच्या आधी जाऊन विचारा, ‘दादा, बोकशी कुठे लावलीय?’ म्हणजे कुठे टाकायचं नाही ते कळेल आणि बहुतेक वेळा कुठे टाकायचं तेही. आमिषाची कोळंबी त्यांच्याकडूनच घ्या. बाजारातल्या बर्फातल्या कोळंबीपेक्षा त्याच खाडीतली जिवंत कोळंबी जिताडा लवकर उचलतो.