खोलीत एकटा बसू नकोस

अरे, फ्रीलान्सिंग सुरू केलंस, छान. पण पर्वरीच्या खोलीत एकटाच बसू नकोस. मी दोन वर्षं तशी काढली. पावसाळ्यात चार-चार दिवस डिलिव्हरीवाल्याखेरीज कुणाशी बोलणं नाही. पणजीत एखाद्या को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने टेबल मिळणाऱ्या सामायिक ऑफिसात, आधी डे पास घेऊन बघ. वायफायचं कौतुक सगळेच सांगतात; वीज गेल्यावर बॅकअप किती टिकतो ते विचार, आणि खुर्चीत तासभर बसून पाठ काय म्हणते ते बघ. नदी दिसणाऱ्या टेबलाचे जादा पैसे देऊ नकोस, स्क्रीनवर ऊन येतं नुसतं! दुपारी सगळ्यांबरोबर जेव. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, असली की एमएसएमई (लघुउद्योग) कायद्याने क्लायंटला जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकतं करणं बंधनकारक असतं, हे मला तिथल्याच एका डिझायनर बाईंनी पातळभाजी-पाव खाताना सांगितलं. सहाला लॅपटॉप लॉकरमध्ये टाक आणि मोकळ्या हातांनी कदंबा बस पकड.