गजबजलेल्या घरात शांत पियानो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संध्याकाळी सात ते नऊ घरात नुसता गोंधळ असतो. कुकर, टीव्ही, दोन मुलांचा अभ्यास. शांत वाटावं म्हणून मोबाइलवर पियानो लावते, तर आवाजात आणखी भरच पडते. कुठे चुकतंय? (गृहिणी, डोंबिवली)

आधी टीव्ही बंद, मग पियानो. टीव्हीतलं बोलणं आणि पियानोचे स्वर एकदम कानावर पडले की दोन्हींचा त्रासच होतो. टीव्ही कुणाला हवाच असेल तर त्या वेळी पियानो लावूच नका.

दुसरं, मोबाइल ओट्यावर ठेवून ऐकू नका. त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून डाव्या हाताचे खर्जातले स्वर जवळजवळ येतच नाहीत, उरतो तो वरचा टणटणाट. या संगीतातला निवांतपणा खर्जावरच उभा असतो. साधा ब्लूटूथ स्पीकर भिंतीलगत ठेवलात तरी खर्ज भरून येतो. आवाज इतकाच ठेवा, की मुलांशी बोलताना तुम्हाला सूर चढवावा लागणार नाही.

लावायचं काय? एरिक साती या फ्रेंच संगीतकाराच्या 1888 सालच्या ‘जिम्नोपेदी’ नावाच्या तीन पियानो-रचना. पहिली नीट ऐका. पहिल्या मात्रेला डावा हात खाली एकच खोल स्वर ठेवतो, दुसऱ्या मात्रेला वर मऊ कॉर्ड (एकत्र वाजणारे काही स्वर) येते, तिसऱ्या मात्रेला ती तशीच तरंगत राहते. हेच जवळजवळ शेवटपर्यंत. कान कुठेही दचकत नाही, त्यामुळे हातातलं काम सुटत नाही. पुढे सातीने ‘फर्निचर-संगीत’ अशी कल्पनाच मांडली, म्हणजे घरातल्या फर्निचरसारखं नुसतं असणारं, मुद्दाम लक्ष न मागणारं संगीत. 1920 मध्ये पॅरिसमध्ये ते वाजू लागलं तेव्हा लोक गप्प बसून ऐकायला लागले, आणि हा त्यांना सांगत सुटला, ‘बोला, फिरा, ऐकू नका!’ ते नुसत्या पियानोवरचं नव्हतं, पण तुमच्या स्वयंपाकघराला हवा तो विचार हाच.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला झोपवताना शोपँ या संगीतकाराची पियानोवरची नॉक्टर्न लावतो, तर ते मध्येच दचकून उठतं. आणि मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होतं, हे खरं का? (बाबा, ठाणे)

नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं संगीत, पण प्रत्येक नॉक्टर्न झोपेचं नसतं. ऑपस 15 (म्हणजे शोपँच्या रचनांच्या यादीतला 15 वा क्रमांक) मधलं पहिलंच घ्या. सुरुवात अगदी शांत, आणि मधल्या भागात चक्क वादळ. त्याऐवजी शोपँचीच ‘बर्सूझ’ लावा, म्हणजे अंगाईच. डावा हात जवळजवळ सगळा वेळ तोच एक झोका देत राहतो आणि वर उजव्या हाताची नक्षी बदलत जाते. कोणतीही रचना बाळासाठी लावण्याआधी स्वतः शेवटपर्यंत ऐका. ऑटोप्ले बंद ठेवा. पुढचं गाणं काय येईल ते ॲप ठरवतं. स्पीकर पाळण्यापासून निदान सहा-सात फूट लांब, आवाज अगदी हळू, आणि बाळ झोपलं की बंद.

मोझार्टचं म्हणाल तर हा समज ज्यातून पसरला तो 1993 चा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोझार्ट ऐकवून झाला होता. एका प्रकारच्या कोड्यात त्यांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम काही मिनिटांतच ओसरला. बाळं त्यात नव्हतीच. हुशारीसाठी नको, आवडतं म्हणून ऐकवा.

प्रश्न : सासूबाईंना पियानो परका वाटतो, त्यांना अभंग हवेत. (पुणे)

मग अभंग लावा! पियानोवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, घेता येत नाही. स्वर वाजतो आणि विरत जातो. आयुष्यभर गायकी ऐकलेल्या कानाला ते कोरडं वाटणारच. सकाळ त्यांची ठेवा. मुलांच्या वाचनाच्या वेळी मात्र शब्द नसलेलं संगीत बरं, एवढं त्यांना प्रेमाने सांगा.

प्रश्न : घरात आजोबांच्या वेळचा उभा पियानो आहे. मुलीचा सराव दुपारी, आणि तेव्हाच वडीलधाऱ्यांची वामकुक्षी. काय करावं? (मडगाव)

मधलं पेडल दाबून पाहा. बऱ्याच उभ्या पियानोंमध्ये त्याने हातोड्या आणि तारांच्या मध्ये फेल्टची (जाड लोकरी कापडाची) पट्टी उतरते आणि आवाज एकदम मऊ, जवळचा होतो. निल्स फ्राम या जर्मन पियानोवादकाने बर्लिनमध्ये रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून असाच फेल्ट लावून वाजवलं, आणि त्यातूनच 2011 चा त्याचा ‘फेल्ट’ हा अल्बम झाला. पट्टी नसेल, तर पियानोचे सूर जुळवणारा चांगला कारागीर (ट्यूनर) ती बसवता येईल का ते पाहून सांगेल. पियानो झोपायच्या खोलीच्या भिंतीला टेकलेला असेल तर थोडा पुढे ओढा, खाली जाड सतरंजी घाला. पण रोजचा सगळा सराव फेल्टवर नको. बोटांना खऱ्या आवाजाची सवय लागायला हवी, म्हणून वामकुक्षी झाली की अर्धा तास तरी मोकळं वाजवू द्या.