बदलीचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

कोथरूडहून ३१ वर्षांच्या एक वकील लिहितात: ‘मोठ्या लॉ फर्मच्या पुणे ऑफिसात मी रिटेनर आहे, म्हणजे पगार नाही, ठरलेली फी: महिना दीड लाख. मुंबई ऑफिसात बदली मिळतेय, १ लाख ९० हजारांवर. सध्या आईबाबांकडे राहते. दादरला भाडं ५० हजार पडेल. पण मुंबईत एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, सूट जास्त ना? कर वाचवायला बँकेतून वर्षाला ४ लाखांची पॉलिसीही घेतलीय. १० वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी हमखास दुप्पट. कागद येऊन १९ दिवस झाले. बदली घेऊ का?’

बदली थांबेल, पॉलिसी थांबणार नाही. कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुमचे ११ दिवस उरलेत.

‘हमखास दुप्पट’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. ४० लाख भरून विसाव्या वर्षी ८० लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी हेच पैसे १ कोटी १८ लाखांच्या घरात जातात. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखच भरता येतात हे खरं, पण उरलेल्यासाठी शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारे इंडेक्स फंड आहेत. विम्याचं म्हणाल तर २ कोटींचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता आयुर्विमा, या हप्त्याच्या दहाव्या हिश्श्यातही बसतो.

आणि वाचवायचा होता तो कर कुठला? तुम्ही पगारदार नाही, फी घेता. प्रिझम्प्टिव्ह, म्हणजे अंदाजे उत्पन्न धरण्याच्या, योजनेत निम्मी फी उत्पन्न धरली तर १८ लाखांचे ९ लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. फर्मने फीतून आधीच कापलेला १० टक्के कर (टीडीएस) रिटर्न भरून परत मागा, सीएला विचारून. एचआरए रिटेनरला नसतोच, ना पुण्यात ना मुंबईत.

आता बदली. ४० हजार वाढ, ५० हजार भाडं: महिना १० हजार खिशातून, डबा आणि डिपॉझिट वेगळं. सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचीच, तिथे काही बदलत नाही. मुंबईतलं काम खरंच हवं असेल तर जा, पण २ लाख मागून. भाडं निघेल, आणि निम्मे धरून वर्षाचे १२ लाखच होतात, म्हणजे कर तरीही शून्य. पीएफ नाही, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवल्याशिवाय घर सोडू नका.

रिलेशनशिप मॅनेजर ‘एक वर्ष तरी ठेवा’ म्हणेल. त्याच्याकडे जाऊच नका. अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. मुद्रांक शुल्क, तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी सगळे परत मिळतात.