आघाडीआधी प्रयोगशाळा

सप्रेम आशीर्वाद.

लष्करी रक्तपेढीचं विशेष प्रशिक्षण घ्यायचं तुझं ठरतंय, हे वाचून आनंद झाला. आघाडीवरच्या पथकात लवकर जाता यावं म्हणून प्रयोगशाळेतला काळ कमी करता येईल का, असं विचारलं आहेस. माझं मत विचारशील तर, तो काळ कमी करू नकोस.

1917 साली ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी डॉक्टरने पश्चिम आघाडीवर ओ गटाचं रक्त सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) आणि ग्लुकोजच्या द्रावणात काढून, बर्फात साठवून जखमींना दिलं. त्याला हे सुचलं, कारण युद्धाआधी तो रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस यांच्या हाताखाली काम करत होता. राउस आणि टर्नर यांनी सशांच्या रक्तावर प्रयोग करून ते द्रावण 1916 मध्ये प्रसिद्ध केलं होतं. आघाडीवर जे उपयोगी पडलं, त्याची तयारी आधी शांत खोलीत झाली होती.

आजही तसंच आहे. साठा संपला की सोबतच्या सैनिकांचंच ताजं रक्त काढून द्यावं लागतं. क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का हे तपासायला, वेळ नसतो, म्हणून ओ गटाचे आणि अँटी-ए, अँटी-बी (इतर गटांच्या तांबड्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी) यांचं प्रमाण कमी असलेले दाते मोहिमेआधीच तपासून ठेवतात. ऐन वेळी घेतलेल्या रक्ताचे नमुने मागे पाठवून पुन्हा तपासतात. घाईत कोणती पायरी मागे ठेवता येते आणि कोणती गाळली तर माणूस दगावेल, हे अवघड अँटिबॉडी ओळखण्यात दिवसच्या दिवस घालवल्याशिवाय अंगी येत नाही. दात्याच्या गटाची खातरजमा आणि पिशवीवरचं लेबल, ही दोन कामं गोळीबार चालू असला तरी करायचीच. ओ निगेटिव्ह पुरत नसताना आरएच निगेटिव्ह तरुणीला ओ पॉझिटिव्ह द्यायचं का, हाही प्रश्न समोर येईल. आधी जीव वाचवायचा, पण पुढच्या गरोदरपणातला धोका (तिच्या शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करू शकतात) तिला नीट समजावून सांगणं हेही आपलंच काम.

साठवण आणि वाहतूक हा विषय विद्यार्थी कंटाळवाणा मानतात. मला ते कधीच पटलं नाही. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांत, योग्य द्रावणात 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) 20 ते 24 अंशांत सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि जेमतेम 5 ते 7 दिवस चालतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, गोठवलेला, तो वितळायलाच वेळ लागतो. जनरेटर बंद पडला, हेलिकॉप्टर आलं नाही, तर यातलं काय आधी वापरायचं? हे पुरवठा विभागातल्या जुन्या हवालदारांकडून शीक, त्यांना पुस्तकाबाहेरचं पुष्कळ ठाऊक असतं.

संस्था निवडताना एवढं विचार: अपघात शस्त्रक्रिया विभागात किती महिने काढायला मिळतील, आणि रात्रपाळीत निर्णय शिकाऊंवर सोपवतात का? उत्तरं आली की कळव, मग आपण अर्ज बघू.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.