बॅटमॅनच्या कॉमिक्समध्ये टिम ड्रेकने आपल्या प्रेयसीला, स्टेफनीला, आपलं खरं नाव का सांगितलं नव्हतं?

कारण ते गुपित त्याच्या एकट्याचं नव्हतंच. टिम म्हणजे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन हे एकदा कळलं, की ब्रूस वेनपर्यंत, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनपर्यंत, पोचायला वेळ तो कितीसा? म्हणून बॅटमॅनची सक्त ताकीद होती : मुखवट्यामागचा माणूस कुणालाही कळता कामा नये.

पण यात स्टेफनीवर अन्याय झाला, हे मान्य करायलाच हवं. स्टेफनी ब्राउन म्हणजे मुखवटाधारी 'स्पॉयलर', क्लूमास्टर या गुन्हेगाराची मुलगी. १९९२ साली ती कॉमिक्समध्ये आली ती बापाचे बेत उधळायलाच. ती कोण, राहते कुठे, घरी काय चाललंय, हे सगळं रॉबिनला ठाऊक. तिला मात्र त्याचं साधं नावही माहीत नाही! ती गरोदर असताना तो तिच्यासोबत प्रसूतीच्या वर्गांना जायचा, तेही 'ॲल्विन ड्रेपर' या खोट्या नावाने. (मूल त्याचं नव्हतं, आधीच्या मित्राचं होतं.) गंमत म्हणजे, हाच टिम लहानपणी स्वतःच्या डोक्याने बॅटमॅनचं गुपित शोधून काढून या धंद्यात शिरला होता.

शेवटी २००१ मध्ये नाव फोडलं ते खुद्द बॅटमॅननेच, टिमला न विचारता. टिम भडकला, आणि माझ्या मते त्याचं बरोबरच होतं. इतकी वर्षं तोंड शिवून बसला तो, आणि नियम मोडला तो नियम घालणाऱ्यानेच.